पुलाखालील सतरा सेंटिमीटरांची लढाई

प्रथम नमन वाहत्या पाण्यास, जे कोणाचेही ऐकत नाही. दुसरे नमन मातोश्रींस, ज्यांचे सर्वांस ऐकावे लागते. वर्तमान ऐसे जे, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, ज्येष्ठ शुद्ध पक्षी, जपानचे रेइवा सन सात, रविवारचे दिवशी, इचिकावा परगण्यातील ग्योतोकुनिवासी राजमान्य राजश्री क्षितिजराव, तोयोसु येथील पेढीचे संगणक-कारभारी, यांनी यामामे म्हणजे डोंगरी ट्राउट मत्स्यावर जी चढाई केली, तिची हकीकत जैसी घडली तैसी लिहिली असे.

क्षितिजराव तीन साले मोहिमेवर होते. दर साली परवाना घेत, आणि कोंबड्याचे पीस दोऱ्याने गळास बांधून खोटी माशी करीत, आणि ती पाण्यावर फेकीत, आणि मग रिकाम्या हाती परतून पाण्याची पातळी, वाऱ्याची दिशा व माशांची बेइमानी यांविषयी कबिल्यास समजावीत. कबिला म्हणजे वृंदाबाई, बहुत सोशिक. जेवणाच्या मेजावरील पिसे झाडून ताटे मांडीत. त्यांची कन्या चारुता, वय वर्षे आठ, जपानी शाळेत तिसरे इयत्तेत.

ऐशियांत मुंबईहून मातोश्री अरुणाबाईसाहेब महिन्याचे मुक्कामास आल्या. चाळीस वर्षे गिरगावचा मासळीबाजार त्यांचे जरबेत. कोळणीही त्यांस पाहून टोपलीतला वरचा मासा आपण होऊन बाजूस करीत. त्यांनी मेजावरील सरंजाम पाहिला आणि शेरा दिला की, "माश्या मारणारे खूप पाहिले रे, बांधणारा तूच पहिला." वृंदाबाई पदर नसल्याने हातरुमालात हसल्या. मग फर्मान सुटले की मंगळवारचे विमानाने आम्ही परतणार, तत्पूर्वी लेकाने स्वहस्ते धरलेल्या माशाचे कालवण जेवून जाऊ. तुझे वडील गेले, त्यांस हे दिसले नाही, मला तरी दिसू दे. शेवटले वाक्य त्यांनी कांदा चिरता चिरता उच्चारिले. क्षितिजराव "हो आई" म्हणोन मोकळे जाहाले.

परंतु त्याच नदीविषयी दुसरा तह आधीच जाहाला होता. गेल्या सालचे मार्चात चारुतेचे वर्गाने यामामेची अंडी काचपेटीत वाढवून, पिल्ले बसने नेऊन, त्या नदीत सोडिली. चारुतेचे पिलाचे नाव मोची. डाव्या कुशीवर शाईच्या बोटासारखे नऊ ठसे, पैकी तिसरा वाकडा, ऐसे चित्र फ्रिजवर चिकटविलेले. बाबांस मोची भेटला तर त्यास नमस्कार सांगून सोडावा, ऐसा करार. त्यासही क्षितिजराव "हो राजा" म्हणाले होते. एका माशाचे दोन तह का केले ऐसे कोणी पुसेल, तर मासा लागेल ऐसे त्यांचे स्वप्नीही नव्हते.

मग रविवारी पहाटे सहकुटुंब कूच जाहाले. तोझाई लाइनने निघून, तीन गाड्या बदलून, डोंगरात दाखल. मातोश्रींचे पिशवीत वाटलेले ओले खोबरे, त्रिफळे, बर्फ आणि झाकणाचा डबा. चारुतेचे पिशवीत मोचीचे चित्र. दोघीही खिडकीशी बसून परस्परांस ओनिगिरी म्हणजे भाताचे गोळे देत होत्या, आणि मधे क्षितिजराव घामाघूम.

नदीवर मच्छीमार मंडळीचे राखणदार किनोशिता-सान, वय सत्तरीपार, यांनी परवाना तपासला आणि कायदे वाचून दाखविले की, पुलाचे वर, उगमाकडे, धरलेला प्रत्येक मासा सोडावा, पुलाखाली पंधरा सेंटिमीटरांहून मोठा असल्यास नेण्यास मुभा; गळाचा उलटा काटा चिमट्याने चपटा करावा, माशास जखम होऊ नये; हात आधी भिजवावे, कोरडा हात त्यास पोळतो. पूर्वी ही नदी माशांनी काळी दिसे, आता परवान्याचे पैशातून पिल्ले सोडितो तेव्हा इतके दिसतात, हेही बोलले. क्षितिजरावांनी मातोश्रींकडे पाहिले आणि पुलाखाली मोर्चा लाविला.

मग घोर युद्ध जाहाले. पहिली फेक झुडुपात, दुसरी स्वतःचे टोपीत, तिसरी मातोश्रींचे शालीत. मातोश्री उद्गारल्या, "मला धरलंस, आता मासा धर." ऐसे चार तास लोटले. आणि मग पाण्यास खळगी पडली, आणि काठी वाकली, आणि क्षितिजराव "लागला!" म्हणोन ऐसे ओरडले की पलीकडील बगळा उडाला. मासा जाळीत आला. सोन्यासारखा, कुशीवर ठसे. पट्टी लाविली: सतरा सेंटिमीटर. कायद्याने नेण्याजोगा.

मातोश्रींनी डबा उघडिला. चारुतेने डबा पाहिला, बर्फ पाहिला, आणि सर्व उमजून किंचाळली, "दामे! आज्जी, दामे! मोची दा यो!"

"काय म्हणते?"

"नको म्हणते, आई. तिचा मोची आहे म्हणते."

"अरे, नदीत हजार मासे. हाच कशावरून?"

चारुतेने पिशवीतून चित्र काढिले. ठसे मोजिले, आठ भरले. वाकडा कोणताच नव्हता. चारुता रडत मराठीत म्हणाली, "मोची नसेल तर त्याचा मित्र आहे ना."

क्षितिजराव पाण्यात गुडघाभर उभे, एकीकडे आई, एकीकडे लेक, हाती जाळी. वृंदाबाई हळूच म्हणाल्या, "अहो, काहीतरी ठरवा, तो दमलाय."

तेव्हा मातोश्री खाली बसल्या. हात नदीत बुडविले, मासा जाळीतच, पाण्यातच, ओंजळीत घेतला, आणि चाळीस वर्षांचे सवयीने बोट कल्ल्यापाशी नेले, ताजा आहे की नाही पाहावयास. परंतु बोट लागण्याआधीच कल्ला आपण होऊन उघडला. आत लाल. आणि मिटला. आणि पुन्हा उघडला. मातोश्रींनी हजारो कल्ले उचलून पाहिले असतील, परंतु एकानेही त्यांचे बोटावर श्वास सोडला नव्हता.

"क्षितिज," त्या म्हणाल्या, "छान धरलास हो. बघितला मी." आणि मग माशास, "जा बाबा. तुझ्या मित्राला सांग, चारुता आली होती." आणि ओंजळ उघडली.

"उद्या स्टेशनाजवळून बांगडा आणा," हे वृंदाबाईंस फर्मान. "खोबरं वाया जाता कामा नये."

सायंकाळी किनोशिता-सान गणतीचा कागद घेऊन आले. नदीत किती उरले हे त्यावरून मंडळी ठरविते. नाव विचारिले. तीन साले ज्या रकान्याची वाट पाहिली, तो समोर असता क्षितिजरावांनी मातोश्रींकडे बोट केले.

"माझं कशाला? धरलास तू."

"धरला मी. लिहायचंय कोणी सोडला ते."

नोंद जाहाली ती येणेप्रमाणे: पुलाखाली, यामामे, सतरा सेंटिमीटर. नेले शून्य, सोडले एक. सोडणार अरुणा-सान, मुक्काम मुंबई. मातोश्रींनी खाली मराठीत सही केली, आणि किनोशिता-सान यांनी, एक अक्षर न उमजता, कागद दोन्ही हातांनी घेऊन कमरेतून वाकून मुजरा केला. मातोश्रींनीही शाल सावरून वाकून उलट मुजरा केला, आणि ते पुन्हा वाकले, आणि मग पुन्हा मातोश्री. ऐसी फत्ते जाहाली. गाडी चुकली.