काकांचा झूम पायात

शांतवनकाका पालीला भितात. कुत्र्याला, विजेच्या बटणाला, शेजारच्या कुकरच्या शिट्टीलाही भितात. अख्ख्या तिसगावात एवढा भित्रा माणूस शोधून सापडायचा नाही. आणि हाच माणूस फोटो काढायला निघाला की समोरच्याच्या नाकाला नाक लागेपर्यंत पुढे जातो. कारण त्यांच्या कॅमेऱ्याला एकच लेन्स, तीही फिक्स. ती जागची हलत नाही, म्हणून काकांना हलावं लागतं.

"पाय हाच आपला झूम," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

माझं स्टेशनरीचं दुकान त्यांच्या स्टुडिओला लागून आहे. लग्नसराईत मी फ्लॅश धरायला त्यांच्याबरोबर जातो. खरं काम वेगळंच. काका डोळ्याला कॅमेरा लावून मागे मागे सरकतात आणि मी मागून त्यांचा कमरेचा पट्टा धरून ठेवतो. एकदा हात सुटला, तर स्वारी थेट जिलबीच्या कढईपाशी. आचारी ओरडला म्हणून वाचले.

पोळ्याला तर हद्द झाली. झूल घातलेल्या बैलापुढे काका गुडघे टेकून बसले. अंग लटलट कापतंय आणि तोंडाने चाललंय, "प्रभू, एवढा एक होऊ दे, मग ने." बैलाने फुस्स केलं. मी बैलाच्या मालकामागे लपलो. फोटो मात्र असा आला की मालकाने तो देवांशेजारी लावला.

"काका, झूम घ्या की," मी नेहमी सांगायचो. "लांबून काढता येईल, जीव तरी वाचेल."

"एकदा घेतला हुता," एवढं म्हणून ते विषय बदलायचे.

स्टुडिओत काकूंचा एक फोटो आहे. खिडकीपाशी बसलेल्या, नजर भलतीकडेच. एवढ्या चांगल्या फोटोग्राफरने बायकोचा असला फोटो का लावावा, हे मला कोडंच होतं. काकू करोनात गेल्या, म्हणून विचारायचा धीर झाला नाही.

यंदा दिवाळीनंतर बिबट्या आला. निम्मी माणसं ऊसतोडीला गेलेली, वस्त्यांवर नुसती म्हातारी. ओघळीत ठसे दिसले, कुत्री गायब झाली आणि दिवस मावळायच्या आत दारं लागू लागली. मी पाथर्डीच्या मित्राकडून एक झूम मागून आणून ठेवला. काकांचा भरवसा नव्हता.

आणि झालंच तसं. साखर कारखान्यावरून, ओघळीपलीकडे एकट्या राहणाऱ्या ठकूबाईच्या मुलाचा काकांना फोन आला. "आई फोनवर बरी हाय म्हनती. ती मरंस्तवर बरीच हाय म्हननार. तिचा फोटू धाडा, काका. तोंड बघितल्याबिगर कोयत्याला हात लागंना."

"सकाळी जाऊ," मी म्हणालो.

"त्यो रातभर झोपंल व्हय?" काका म्हणाले.

मोटारसायकल ओघळीपाशीच थांबली. पुढे पायवाट, दोन्ही अंगांना माणूस बुडेल एवढी तूर. पलीकडे झोपडीच्या दारात म्हातारी काठी आणि शेळ्यांची दावी धरून बसलेली. मी हाक मारली.

"शेळ्या सोडून न्हाई येनार!" ती तिकडून ओरडली.

दिवस कलला होता. वारा नसताना तूर सळसळली. मी झूम पुढे केला. "काका, तुम्हाला तुमच्या प्रभूची शपथ. इथूनच काढा."

काकांनी झूम लावला, एकदा बघितलं आणि काढून परत दिला.

"म्हातारी दिसती ह्याच्यात. पन तिला म्या दिसत न्हाई."

आणि निघाले. मोटारसायकलपाशी एकटं थांबायची मला जास्त भीती वाटली, म्हणून मी त्यांचा पट्टा धरला. मध्यावर शेजारीच काहीतरी खसफसलं. काका थिजले. मला वाटलं, संपलं. भुर्रकन तितर उडाला आणि आम्ही दोघे मटकन खाली बसलो.

"परत फिरू," मी म्हणालो.

"फीर तू," म्हणत काका उठले. पट्टा माझ्याच हातात, म्हणून मीही मागोमाग.

ठकूबाईपुढे ते गुडघ्यांवर बसले, पण कॅमेरा स्थिर राहीना. म्हातारीने काठी बाजूला ठेवली आणि त्यांच्या गालावरून हात फिरवला.

"लई भ्यालास की रं लेकरा. म्या हाय न्हवं हितं?"

काकांनी तेव्हा बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा फोटो एका हातानेच मोबाईलमध्ये घेऊन मी तिथूनच मुलाला पाठवला. 'आता जेवतो,' असं उत्तर आलं.

म्हातारी चहा टाकायला आत गेली. काका उंबऱ्याशी बसून तुरीकडे बघत होते.

"काकूच्या वार्डात घरच्या एकाला आत सोडत हुते," ते एकदम म्हणाले. "म्या भ्यालो. रस्त्यावर हुभं ऱ्हाऊन तिच्या खिडकीवर झूम लावला, फोटू काढला. तिचं तोंड एवढं जवळ आलं, कपाळावरचा घाम दिसला. म्या हात हालवत ऱ्हायलो. तिला कुठनं दिसनार? ती आपली दाराकडं बघत हुती. म्या आत येईन म्हनून."

आतून म्हातारीने साखर किती टाकू म्हणून विचारलं. मीच काहीतरी सांगितलं. त्यांचा पट्टा अजून माझ्या हातातच होता. तो मी सोडला नाही.