अप्पांचे बिनखडीचे रूळ

मन्मथअप्पा तुमच्या घरी आले, की आधी तुमच्याकडे बघत नसत, जमिनीकडे बघत. अंगणात चपला काढायच्या, दोन्ही टाचा दाणदाण आपटायच्या, कान देऊन ऐकायचं आणि मगच आत यायचं. "गुरुजी, घर झकास हाय. पर खाली काय हाय?" हा त्यांचा रामराम. पुतण्यासाठी जिंतूरला मुलगी बघायला गेले, तेव्हा बाकीचे मुलीला शिक्षण विचारत होते आणि हे ओसरीवर टाचा आपटत होते. "मुलगी पसंत हाय," त्यांनी निकाल दिला, "पर घर ईशान्येला बसायलंय." मुलीचा बाप बिचारा हे वास्तुशास्त्र समजून हात जोडून उभा राहिला.

अप्पा रेल्वेत रुळांचे इन्स्पेक्टर होते. निवृत्त झाल्यावर सेलूत त्यांनी आमच्या शेजारी घर बांधलं. आता ते लातूरला लेकीकडे असतात, शेजारच्या घराला कुलूप आहे. माझ्या अंगणात आता कुणी टाचा आपटत नाही, आणि खरं सांगतो, चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.

अप्पांची जन्माची दुष्मनी होती काळ्या मातीशी. "ही माती म्हंजे जावई," ते म्हणत. "पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात तोंड फाडतो. कापसाला लय गोड, पर रुळाला वैरी." रुळाखाली खडी टाकलेली असते. पाऊस पडला, की खालचा चिखल खडीतून वर येतो, खडी खाली जाते आणि रूळ डुबतो. मग माणसं लावून खडी पुन्हा ठोकायची. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. सगळी नोकरी अप्पांनी अशी खडी ठोकून घेण्यात काढली. पावसाची झड लागली की ते घरात नसत. ट्रॉलीवर बसून लाइनवर असत.

प्रवासातसुद्धा सुटका नव्हती. मी एकदा त्यांच्याबरोबर परभणीहून येत होतो. मानवत रोड सुटल्यावर त्यांनी पितळी पेल्यात काठोकाठ पाणी ओतलं आणि बाकड्यावर ठेवलं. पाणी सांडलं, की त्यांना आनंद. "पाहा, पाहा! इथं डुबलंय!" शेजारच्या बाईंचं लुगडं भिजलं. त्या खवळल्या. अप्पा अदबीनं म्हणाले, "बाई, माझ्यावर नका रागावू. ह्यो चिखलाचा कसूर हाय."

यावर त्यांचा इलाज ठरलेला होता: सुटी खडीच नको. खाली मुरूम चांगला दाबायचा, त्यावर गरम डांबर आणि गिट्टीचा जाड थर अंथरायचा आणि रुळाखालचे आडवे ओंडके, म्हणजे स्लीपर, थेट त्या थरावर बसवायचे. पाणी मातीपर्यंत जाणारच नाही. मी एकदा विचारलं, "अप्पा, मग सरळ काँक्रीट का नाही?"

"काँक्रीट अकडबाज हाय, गुरुजी. माती जरा हालली की त्याला तडा. डांबर तसं न्हाई. ते दबतंय, वाकतंय, समजून घेतंय."

ही कल्पना त्यांनी नोकरीत असताना वरिष्ठांना सांगितली होती. वरिष्ठांनी चहा पाजला होता.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी अप्पांनी ती स्वतःच्याच अंगणात करून बघायची ठरवली. देवगाव फाट्याला रस्त्याचं काम चालू होतं. हे रोज एसटीनं तिथं जात आणि डांबराच्या कढईजवळ उभे राहून वास घेत. "जळायलंय. जाळ कमी करा." तिथल्या माणसांना वाटलं, कुणी सरकारी तपासणीस आहे. त्यांनी अप्पांना खुर्ची दिली, शहाळं दिलं आणि शेवटी उरलेला माल टेम्पोत भरून घरपोच दिला.

भंगारातून रुळांच्या जागी लोखंडी चॅनेल आले, बाभळीचे स्लीपर आले. अंगणात डांबर ओतलं, रूळ बसले. मग मे महिना आला. सेलूचं ऊन! डांबर असं पाघळलं, की खिरीत शेवया बुडाव्यात तसे स्लीपर खाली गेले. गल्लीनं हसून घेतलं. कुणी विचारायचं, "अप्पा, मुंबई गाडी कधी सुटणार?" अप्पा शांतपणे म्हणायचे, "लेट हाय."

हसण्याच्या पोटात एक रागही होता. गौराकाकू, अप्पांची बायको, तेव्हा मागच्या खोलीत खाटेवर पडून होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण हाड नीट धरलंच नाही. जराशा हिसक्यानं जीव कळवळायचा. आमच्या घरात बायका बोलायच्या, "ती बिचारी आत पडलीय अन् हे भाईर डांबराशी खेळायलेत!" माझी बायको तर एकदा त्यांच्या तोंडावर बोलली. अप्पांनी ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "गुरुजी, तुमच्या शाळेचा रूळ मिळंल का?"

"कसला रूळ?"

"क्रिकेटच्या मैदानावरचा दगडी. रुळासाठी रूळ पाह्यजे."

दिला. सगळं उकरून पुन्हा सुरुवात झाली. या खेपेला गिट्टी जाड, डांबर कमी, दाबणं भरपूर. वर ऊन लागू नये म्हणून पत्रे घातले आणि रस्त्याकडून ताडपत्री बांधली. आत काय चाललंय ते आम्हाला दिसेना. नुसती ठोकाठोक ऐकू यायची. एक पावसाळा त्यावरून गेला, मग पुढचा उन्हाळा गेला. रूळ हलले नाहीत. अप्पा मात्र कुणाला बोलावून दाखवत नव्हते. मला तेच नवल वाटायचं.

दिवाळीनंतर एका सकाळी त्यांची हाक आली. "गुरुजी, जरा हात द्यायला या."

गेलो. ताडपत्री काढलेली होती. रूळ अंगणात संपत नव्हते. ते भिंतीपाशी येऊन मागच्या खोलीत शिरले होते. दाराचा उंबरा कापून काढला होता. आत रुळांवर गौराकाकूंची खाट उभी होती. खाटेच्या चारी पायांना लोखंडी चाकं होती.

मी वाकून एका चाकाला हात लावून पाहिला. अप्पा हळू आवाजात म्हणाले, "चाकाची खुर्ची आणली व्हती. अंगणातल्या भेगंत चाक गेलं. अशी वरडली, गुरुजी... मग फरशी करून घेतली, ती एका पावसात उचलली. तवापासून भाईरचं नाव काढलं की अंग चोरून घेती."

काकूंनी खाटेची कड घट्ट धरली होती. "नका हो नेऊ मला. दुखतंय."

"घाबरू नको. दुखलं तर तितंच थांबतो."

अप्पा पायथ्याशी, मी उशाशी. त्यांनी ओढलं, मी ढकललं. काकूंनी डोळे मिटून घेतले होते, दात आवळले होते. खाट दारातून सरकली, ओट्यावरून सरकली, पत्र्याच्या कडेशी सकाळच्या तिरप्या उन्हात गेली आणि थांबली. काकू तशाच डोळे मिटून होत्या.

"कवा निघायचं?" त्यांनी विचारलं.

"पोचलीस की," अप्पा म्हणाले.

काकूंनी डोळे उघडले. उन्हामुळे त्यांना पटकन काही दिसेना. मग कुंपणापलीकडे धुणं वाळत घालणारी माझी बायको दिसली. बायकोच्या हातातलं लुगडं हातातच राहिलं. "अगं, किती वाळलीस तू!" काकू तिला म्हणाल्या आणि दोघी रडायला लागल्या.

लगेच तक्रारही आली. "मला रस्ता दिसंना. तोंड तिकडं करा."

अप्पा गडबडले. रुळावरची खाट वळवायची कशी, हे त्यांच्या आराखड्यात नव्हतं. ते खाटेभोवती दोन चकरा मारून आले, खाली वाकून चाकं बघू लागले, पाना घेऊन आले.

"ऱ्हाऊ द्या ते," काकू म्हणाल्या. "सारी उमर लाइनवर काढली. पाऊस आला की मी एकटी, कंदील लावून तुमची वाट पाहायची. आता तरी बसा की जवळ."

अप्पांनी पाना खाली ठेवला. खाटेला धक्का लागू नये म्हणून आधी एका हातानं कडेवर भार देऊन पाहिला आणि मग अगदी सावकाश, पाहुण्यासारखे, तिच्या पायांशी बसले. काकूंनी पांघरुणाचं एक टोक त्यांच्या गुडघ्यांवर टाकलं.

माझी शाळेची वेळ झाली होती. मी न सांगताच निघालो.