लांबच्या प्रवासाचं दही

झरीच्या कासाबाईच्या छातीतली गाठ कॅन्सरची निघाली आणि गुरुवारी दुपारची ऑपरेशनची तारीख मिळाली. पूर्वी गाठ म्हटली की परभणीतच काढायचे. नातलग सायकलवरून डबा घेऊन जायचे. आता असली ऑपरेशनं पाच-सहा तासांवरच्या शहरात, रोज तेच काम करणाऱ्या डॉक्टरांकडे. चिठ्ठीवर एक ताकीद होती : आदल्या रात्रीपासून पोटात काही नको.

गुरुवारी पहाटे जीप दारात लागली. परभणीला निघालेल्या माणसाला कुणी दही देत नाही. पण हा लांबचा प्रवास. सासू धुरपदाबाईंनी कासाबाईच्या हातावर दही ठेवलं. तीस वर्षांत तिनं सासूला नाही म्हटलं नव्हतं. तिनं ते चाटून टाकलं.

जिंतूर मागे पडलं आणि मुलगा आदिनाथ एकदम ओरडला, "माय! तू दही खाल्लंस?"

"लय न्हाई रे. बोटभर."

"कुनी बोलायचं न्हाई," नवरा येडबा म्हणाला. "तारीख गेली तर पुना दोन म्हैने."

"अन् ऑपरेशनमंदी उलटी झाली तर? माणूस दगावतंय म्हनं!"

पुढचे चार तास तिघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

वॉर्डात सिस्टरनं विचारलं, "मावशी, सकाळपासून काही खाल्लं?"

"पानी बी न्हाई!" येडबा म्हणाला.

"काका, तुम्हाला कोण कापायलंय?"

कासाबाईनं मान खाली घातली. "दही खाल्लं, बाई. आत्याबाईनं दिलं. पर आमचा नंबर काढू नगा."

येडबानं कपाळावर हात मारला.

सिस्टर शांतच होती. "मी गंगाखेडची. सुट्टीवरून निघाले की माझी आई अजून दही देते. म्हणून आपल्याकडच्या माणसांना आम्ही एक दिवस आधीची तारीख सांगतो. ऑपरेशन उद्या आहे. आज पोटभर जेवा."

"म्हंजी नंबर हाय?"

"हाय की!"

आदिनाथ हसत सुटला. येडबा चहा शोधायला पळाला. कासाबाई कॉटवर टेकली. सकाळपासून घाबरायला दही होतं. आता नुसतं ऑपरेशनच उरलं.

तिनं सिस्टरचा हात घट्ट धरला. "बाई, आजून काई चुकलं आसंल तर बगा की."

सिस्टर स्टूल ओढून बसली. कागद उलटेपालटे केले, संमतीपत्रावर कासाबाईनं उठवलेल्या अंगठ्यावर बोट ठेवलं आणि गंभीरपणे म्हणाली, "मावशी, हा अंगठा लयच वाकडा उठलाय बरं का."