हातभार

बायको सकाळी गेली. दुपारी इमारतीत सगळ्यांना कळलं आणि संध्याकाळपर्यंत इमारतीने माझ्या तब्येतीचा प्रश्न हाती घेतला.

आमची खोली एकच. एका भिंतीला ओटा, दुसऱ्या भिंतीला कपाट, खिडकीखाली तिची कॉट. कॉटवर बसून ती भाजी निवडायची आणि रस्त्याने जाणाऱ्याची चाल बघून त्याच्या घरात काय बिनसलंय ते सांगायची. भेटायला येणारे आता त्याच कॉटवर बसत आणि म्हणत, "स्वतःकडे बघा आता."

पहिला हातभार मेहुण्याने लावला. तो दोन डंबेल घेऊन आला.

"भावजी, ताई होती तोवर ठीक होतं. आता तुम्हाला कोण उठवणार? रोज थोडं वजन उचला, मन हलकं होतं."

"तू उचलायचास?"

"मला कुठला वेळ? ही रोज ओरडते, पायाला लागतात म्हणून."

मग शेजारीणबाईंनी व्यायामाची सायकल आणली. "आमच्या ह्यांची आहे. अगदी नवी! टॉवेल वाळत घालण्यापलीकडे हात लावला नाही कोणी." आठवडाभरात वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी ट्रेडमिल पाठवली. ती दारातून आडवी येईना म्हणून उभी आत घेतली आणि आडवी टाकली. दुःख वाटून घ्यायला आलेले लोक आपापलं वजन माझ्याकडे ठेवून हलके होऊन गेले.

आता ओट्यापाशी जायचं तर ट्रेडमिलवरूनच जावं लागे. एकदा ती चालू राहिली होती. चहासाठी बराच वेळ चाललो, ओटा काही आला नाही.

मग सोसायटीचे सेक्रेटरी पाहणीला आले.

"काका, नियमाप्रमाणे एका जागी तीन उपकरणं आली की ती व्यायामशाळा होते."

"अहो, मी राहतो इथे."

"व्यायामशाळेत राहता येत नाही. पण तुमच्यावरचा प्रसंग लक्षात घेऊन समिती तिकडे दुर्लक्ष करेल. काकूंचं नाव देऊ. स्मृती व्यायामशाळा!"

"तिने जन्मात व्यायाम केला नाही."

"म्हणूनच. लोकांना धडा मिळेल."

दारावर पाटी लागली. उद्घाटन झालं, दोन मिनिटं शांतता पाळली गेली आणि नंतर बराच वेळ भाषणं. सकाळी पुरुष, दुपारी महिला अशा वेळा ठरल्या. महिलांच्या वेळेत परपुरुष आत नको म्हणून मी जिन्यात बसू लागलो. किल्ली सेक्रेटरींकडे गेली. मी जन्मभर कुलपं दुरुस्त करत आलो. माझं स्वतःचं दार उघडायला मला सदस्य व्हावं लागलं.

इतकं सगळं मी चालवून घेतलं. पण चटया अंथरायला जागा पुरेना, तेव्हा समितीची नजर खिडकीखाली गेली.

"काका, कॉट हे उपकरण नाही. अडगळ आहे."

"कॉट राहू द्या. बाकी काय हवं ते करा."

"मग तिचा व्यायामाशी संबंध दाखवा."

"मी तिच्यावर आडवा होतो, उठून बसतो, परत आडवा होतो."

सेक्रेटरी खूश झाले. "पोटासाठी?"

"नाही. झोप येत नाही."

याची नोंद झाली नाही. रविवारपर्यंत कॉट काढावी असं ठरलं.

घरी घेऊन जा म्हणून मी सगळ्यांना विचारून पाहिलं. ज्यांची ज्यांची वजनं माझ्याकडे आली, त्या प्रत्येकाच्या घरात आता मोकळी जागा आहे. पण गेलेल्या माणसाची कॉट म्हटल्यावर मेहुणासुद्धा घड्याळ बघू लागला. सख्ख्या बहिणीची कॉट!

तुमच्याही घरात दाराआड असं एखादं यंत्र कपडे अंगावर घेऊन उभं असेल. शेजारी कोणाचं बरंवाईट होण्याची तुम्ही वाट बघताय, असं मी म्हणत नाही. फक्त ते यंत्र माझ्याकडे आणू नका.

रविवार झाला. कॉट जिन्यावरून उतरवायला दोन माणसं लागतात. इथे रोज घाम गाळणाऱ्यांपैकी एकही जण दुसरं टोक धरायला तयार नाही. पाठीत उसण भरेल म्हणतात. मीही पुन्हा कोणाला विचारलेलं नाही.

कॉट काढायची राहिली आहे.