किंचित हिरवट पाऊस

“बाबा, बरोबर साडेआठ वाजता वर जायचं. मोजपात्र डोळ्यांच्या रेषेत धरायचं. आणि जे दिसेल तेच लिहायचं. असं कसं झालं, याचा विचार तुम्ही करायचा नाही.”

विज्ञानाच्या बाई सहलीला निघताना दारात एवढं सांगून गेल्या आणि ते शब्द सासऱ्यांच्या कानात पुढचे बारा दिवस घुमत राहिले. सासरे एकोणऐंशी वर्षांचे, निवृत्त पोस्टमास्तर. सूचना आली की ती पाळायची, तिच्यावर चर्चा करायची नाही, हे वळण त्यांना नोकरीने लावलं होतं.

शाळा सुटली की बाईंच्या आवडी दोनच. सुट्टीत कुठला तरी डोंगर, गुहा नाहीतर खाण पाहून यायची आणि रोज सकाळी गच्चीवरच्या पर्जन्यमापकात पाऊस मोजायचा. पाऊस नसला तरी मोजायचा, कारण शून्य हीसुद्धा नोंदच. वेधशाळेच्या हौशी नोंदकर्त्यांमध्ये त्यांचं नाव होतं. सलग बारा वर्षं खंड पडला नाही, तर त्यांच्या गच्चीचा ठिपका वेधशाळेच्या नकाशावर कायमचा येणार होता. अकरा वर्षं झाली होती. एरवी बाई प्रवासाला गेल्या की नवरा मागे राहून मोजायचा. यंदा ज्वालामुखी बघायचा होता, म्हणून तोही बॅगा उचलायला बरोबर गेला.

पहिल्याच दिवशी मोजपात्रात नऊ मिलिमीटर पाणी निघालं. आकाशात औषधालाही ढग नव्हता. सासऱ्यांच्या मनात विचार येऊ लागला होता, पण त्यांनी तो वेळीच आवरला. वहीत आकडा लिहिला आणि खाली येऊन वेधशाळेला फोन केला. “नऊ मिलिमीटर. आकाश निरभ्र.”

दुसऱ्या दिवशी नऊ, तिसऱ्या दिवशीही नऊ. वेधशाळेतल्या कारकुनाने नम्रपणे विचारलं, आजोबा, नीट पाहिलंत ना? चाळीस वर्षांत आपल्या हातून एकही पत्र चुकीच्या दारी गेलेलं नाही, असं सांगून सासऱ्यांनी फोन ठेवला. पाचव्या दिवशी खुद्द अधिकाऱ्यांचा फोन आला. आजूबाजूच्या सगळ्या केंद्रांवर शून्य आहे, म्हणाले. त्यांचं ते बघतील, असं सासऱ्यांनी कळवलं.

सातव्या दिवशी पाण्याला रंग आला. सासऱ्यांनी ते उजेडात धरून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘पाऊस किंचित हिरवट.’

मग मात्र वेधशाळेत धावपळ झाली. शहराबाहेरच्या रंगाच्या कारखान्याला विचारणा गेली. कारखान्याने घाबरून दोन दिवस काम बंद ठेवलं आणि नेमका त्याच दोन दिवसांत पाऊस जास्त हिरवा पडला. बाराव्या दिवशी अधिकारी स्वतःच सकाळी पावणेसात वाजता बाटल्या आणि रबरी हातमोजे घेऊन दारात हजर झाले. सासऱ्यांनी त्यांना गच्चीची किल्ली दिली, पण बरोबर जायला नकार दिला. साडेआठच्या आधी वर जायची त्यांना सूचना नव्हती.

अधिकारी एका उपड्या बादलीवर बसून आकाशाकडे बघत होते, तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर भांडं घेऊन आले. त्यांनी मान लववून ओळख नसलेल्या पाहुण्याला नमस्कार केला. गुलाबाला भांडंभर पाणी घातलं, मोगऱ्याला घातलं, आणि मग तितक्याच मायेने पर्जन्यमापकात ओतलं.

“हे काय करताय?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“कुंड्यांना पाणी. बाई सांगून गेल्यात, सगळ्यांना सारखं, एकेक भांडं. सातला घालतो आणि दवाखान्यात जातो.” डॉक्टरांनी पर्जन्यमापकात काळजीने डोकावून पाहिलं. “ही एवढी एक काही उगवेना. म्हणून गेल्या आठवड्यापासून चिमूटभर खत घालतोय.”

त्याच वेळी खाली रिक्षा थांबली आणि बाई उतरल्या.

सासरे साडेआठची बारावी नोंद करून खाली आले, तेव्हा सगळे स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसले होते. डॉक्टरांची पाच वेळा माफी मागून झाली होती. बाई वहीचं पान पुन्हा पुन्हा वाचत होत्या. अकरा वर्षांच्या शून्यांनी आणि आकड्यांनी भरलेली ती वही, आणि शेवटी हे हिरवं शेपूट.

अधिकारी भला माणूस होता. त्यांना नकाशा आणि बाई, दोन्हींची काळजी होती. “बाराही दिवस आकाश स्वच्छ होतं, हे जगजाहीर आहे,” ते हळूच म्हणाले. “सगळीकडे शून्य टाका. मी सही करतो. खंड पडणार नाही.”

बाईंनी पेन उचललं. पहिल्या नवावर रेघ मारली. त्यांचा हात शून्याच्या अर्ध्यावर आला होता.

“सूनबाई,” सासरे म्हणाले, “मी शून्य बघितलं नाही गं.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, अधिकाऱ्यांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. नवरा ज्वालामुखीच्या दगडांची पिशवी उगाच उघडत बसला. मग बाईंनी ते अर्धं शून्य खोडलं आणि बारा ओळींवर एक लांब तिरपी रेघ ओढून लिहिलं, ‘नोंद नाही.’ अकरा वर्षं संपली.

अधिकारी आणि डॉक्टर गेल्यावर सासरे बराच वेळ तिथेच बसून होते. बाई म्हणाल्या, “बाबा, मनाला लावून घेऊ नका. चूक माझी. डॉक्टरांना मी कुंड्या दाखवूनच गेले नाही.”

“पहिल्यापासून मोजायचं तर बारा वर्षं लागतील ना?”

“लागतील.”

सासऱ्यांनी बोटांवर हिशेब केला. “म्हणजे एक्क्याण्णव. ठीक आहे. यापुढे रोज मी मोजतो. बारा वर्षं पुरी करून तुझ्या हातात वही देतो, मग मला मोकळं कर. तू खुशाल डोंगर बघ.”

बाईंना हसू आलं, मग ते गिळावं लागलं. “शब्द देताय?” त्यांनी विचारलं.

“दिला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रवासाने दमलेलं घर झोपलं होतं. आठ वाजून पंचवीस मिनिटांनी सासऱ्यांनी नवी वही काखेत घेतली, कोणाला जाग येऊ नये म्हणून दार हलकेच ओढून घेतलं आणि कठडा धरून गच्चीचा जिना चढायला सुरुवात केली.