उसंत मागणाऱ्या तारेची हकीकत

श्रीगजाननास वंदन, शारदेस वंदन, आणि ज्या शिरांच्या बळे हा बोरू चालतो त्यांसही वंदन. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, फाल्गुन मासी एका राज्यात अन्याय जाहला तो येणेप्रमाणे.

राजधानीत सगुणाबाई तांबटीण नामे कारागीर होती. तिचा भाऊ खेत्रोजी शिलेदार, सरकारकामी शीर तुटोन त्याचा उजवा हात लुळा पडिला. मग बाईने सात वर्षे खपोन विजेची तार सिद्ध केली. ती मनुष्याच्या शिरेसारखी चाले. हलक्या स्पर्शास गप्प राही, पुरता दाब येता ठोका या टोकाहून त्या टोकास तितक्याच जोराने पोचवी, आणि मग क्षणभर उसंत घेई. तार हातास जोडिली आणि बोटे हलली आणि खेत्रोजीने त्या हाताने पहिला घास बहिणीस भरविला, आणि उभयता रडली.

हे वर्तमान ऐकोन महाराजांनी त्यांस दरबारी बोलाविले. तेथील रिवाज ऐसा की, हुकूम सुटताच जाब यावा, थांबेल तो बेअदब. कारभारी खासा पुढे जाहले आणि तार भराभर दाबू लागले. पहिल्या दाबास बोट हलले, दुसऱ्यास हलेना.

"सरकारच्या हुकमास उसंत? काढून टाका ती!"

"नका हो, सरकार," बाई कळवळली. "ती थांबते म्हणून ठोका पुढंच जातो, माघारी फिरत नाही. माझ्या भावाचा हात जाईल!"

ऐकतो कोण! जे कारभारी रोज जेवोन प्रहरभर लोडाशी घोरत, त्यांस तारेचा एक क्षण खुपला. बाईच्या तळपायाची आग मस्तकास गेली, परंतु तीस चोपदारांनी मागे लोटिले आणि सरकारी कारागिरांनी तारेची उसंत काढिली.

मग कारभाऱ्यांनी ऐटीत खेत्रोजीच्या हाती हात दिधला. ठोका सुटला तो पुढे गेला, माघारी आला, पुन्हा गेला, आणि मूठ आवळली ती आवळतच चालली.

"सोड रे मेल्या!"

"सुटत नाही, साहेब! माझंच ऐकत नाही!"

"बाई, थांबवा तीस! क्षणभर तरी थांबवा!"

दुसरा इलाज नव्हता. सगुणाबाईने कातर घेतली आणि सात वर्षांची तार आपले हाते तोडिली. कारभारी सुटले. खेत्रोजीचा हात लोंबू लागला, आणि बाईने तो दोन्ही हातांनी उचलोन पदरात धरिला.

तात्पर्य, तारेस एक क्षण उसंत मिळाली नाही. कारभाऱ्यांस सुजल्या बोटांपायी पंधरा दिवस विश्रांती मंजूर जाहली.