वीतभर टेप

माझ्या बारशाची टेप मोहितेकाकांनी ओव्हनमध्ये भाजायला ठेवली होती. मी सहज चौकशीला म्हणून वर गेले, तर स्वयंपाकघरातला केकचा ओव्हन कोमट होता आणि काचेआड ताटलीएवढं रीळ निवांत बसलं होतं.  काका शांतपणे म्हणाले, "जुन्या टेपेला ओल धरते, चिकट होते. शेकली की सुटते. करपत नाही. आणि घाई असेल तर मोबाईल घ्या."

हे शेवटचं वाक्य त्यांचं ठेवणीतलं. काम घाईने उरकणाऱ्या प्लंबरलाही ते हेच ऐकवतात.

मोहितेकाका सहकारनगरमधल्या आमच्या सोसायटीत, आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून ते घरी जुने टेपरेकॉर्डर दुरुस्त करतात. कॅसेटचे नव्हेत, त्याआधीचे, सुटकेसएवढे, वर दोन रिळं फिरणारे. घरात खुर्च्या भरपूर, पण सगळ्यांवर मशिनं बसलेली. पाहुण्याने उभं राहायचं. थंडीत ते मशिनांवर स्वेटर घालतात आणि स्वतः बनियनवर हिंडतात. मशीनचं डोकं, म्हणजे टेप जिथे घासत जाते तो भाग, पुसायला त्यांना कान साफ करायच्या काड्या लागतात. इतक्या लागतात, की कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने एकदा त्यांना काळजीने कानाच्या डॉक्टरचा पत्ता दिला होता. काकांनी तो जपून ठेवला आणि पुढच्या खेपेला त्याच्याच हातात परत दिला.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, मशिनं राहतात. "ते जर्मन मशीनवाले गेले," असं कुणाच्या मरणाचंही सांगतात. एकदा आयटीतला एक मुलगा जुन्या बाजारातून मशीन घेऊन आला आणि हॉलमध्ये शोभेला ठेवायचंय म्हणाला. काका म्हणाले, शोभेलाच ठेवायचं तर बिघडलेलंच छान दिसतं. आणि दार लावून घेतलं.

अशा माणसाकडे आम्ही आमचं रीळ दिलं ते आईच्या हट्टापायी. माझ्या बारशाला शेजाऱ्यांचं मशीन आणून सगळा सोहळा टेप केला होता. त्यात, आई गेली पंचेचाळीस वर्षं सांगत आली आहे, माझी आत्या पाळण्यात वाकून म्हणाली होती, "रंग आईवर गेलाय. आत्तापासून हुंडा साठवायला लागा." आत्या म्हणते, मी असं बोललेच नाही. बाबा हयातभर 'मला ऐकू आलं नाही' म्हणून हात झटकत राहिले. बाकी साक्षीदार एकेक करून गेले. आईला सगळे तोंडावर नाही, पण पाठीमागे कांगावखोर म्हणायचे. आईला ते माहीत होतं आणि ते तिला फार लागायचं. माळा आवरताना ते रीळ सापडलं, तेव्हा तिने देवापुढे साखर ठेवली.

टेप तयार झाली आणि रविवारी आईने आत्याला जेवायला बोलावलं. पुरणपोळीचा घाट घातला. जेवणं झाल्यावर काका मशीन घेऊन खाली आले. रिळं फिरू लागली आणि आमचा अख्खा दिवाणखाना जुन्या माणसांनी भरून गेला. बायकांनी म्हटलेला पाळणा, आजीचा खोकला, कुठलंतरी भांडं पडलं, मग आत्याचा कोवळा आवाज. "बघू गं, बघू दे मला." आई पुढे सरकली. आत्याने पदर सावरला.

आणि पुढचा आवाज आला, "पेढे कुठे ठेवलेत?"

आईने मागे घ्यायला लावलं. पुन्हा पाळणा, पुन्हा खोकला, पुन्हा 'बघू दे मला', आणि लगेच पेढे. तिसऱ्यांदाही पेढेच. आत्या उठली आणि म्हणाली, "ऐकलंस? सगळा जन्म माझ्या नावाने खडे फोडलेस."  आई स्वयंपाकघरात गेली आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला लागली. मी हादरले होते, कारण आई खोटं बोलत आली की काय, असं मलाही क्षणभर वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेले. टेप मधेच कुठे खराब झाली होती का, एवढंच मला विचारायचं होतं.

"खराब नव्हती. कापली," काका म्हणाले.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण त्यांनी ब्लेड दाखवलं, चिकटपट्टी दाखवली, वीतभर टेप कशी काढली आणि दोन टोकं कशी जोडली, तेही कौतुकाने समजावलं. सांधा कळला का, असं वर मलाच विचारलं. मग कळलं की ते सगळ्यांच्याच टेपा कापतात. सासूचा टोमणा, लग्नातलं मानपानाचं भांडण, दारू प्यालेल्या काकाचं बरळणं, सगळं काढून टाकतात आणि कुणाला सांगत नाहीत. निम्म्या पुण्याची घराणी या माणसाने परस्पर गुण्यागोविंदाने नांदवली होती. 

"पण तुम्हाला सांगितलं कोणी?"

"दुरुस्तीला दिली होती ना? बिघाड होता, काढला."

तुकडा कुठे आहे विचारलं, तर तो कचऱ्याच्या गाडीत गेला होता.

मी खाली येऊन आईला सांगितलं. आईचे गुडघे दुखतात, ती जिना टाळते. पण त्या क्षणी ती कठडा धरून वर चढली. आता काकांचं काही खरं नाही, असं मला वाटलं. तिने त्यांच्या एका खुर्चीवरचं मशीन उचलून खाली ठेवलं, हेही आजवर कुणी केलं नव्हतं, आणि बसली.

"मोहितेभाऊ, तुम्ही ऐकलंत ना ते?"

काकांनी काड्यांचा डबा उघडला आणि मिटला. मग म्हणाले, "ऐकलं, वहिनी. रंगाचं आणि हुंड्याचं. तुम्ही सांगता तसंच म्हणाल्या होत्या."

आई रडायला लागली. मी तिला इतकं मोकळं रडताना कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, आत्ताच आत्याला फोन लावू, काकांना सांगू दे. आईने हात हलवून नको म्हटलं. "राहू दे. एका माणसाने ऐकलं, पुरे झालं." मग पदराने डोळे पुसून तिने त्यांना विचारलं, "पण तुम्ही हे कापाकापीचं कशापायी मागे लावून घेतलंत?"

काका तिच्याकडे न बघता सांगू लागले. त्यांच्या वडिलांचं एक मशीन होतं. तरुणपणी काकांनी गंमत म्हणून घरातलं बोलणं चोरून टेप केलं आणि दिवाळीच्या फराळाला सगळ्यांसमोर लावलं. त्यात त्यांची वहिनी सासूबद्दल बोलली होती, ही म्हातारी कधी जाणार म्हणून. काका हसत होते. बाकी कुणी हसलं नाही. त्याच संध्याकाळी भाऊ बायकोला घेऊन घराबाहेर पडला, आणि पुन्हा कुणाचं बोलणं धरलं जाऊ नये म्हणून मशीनही घेऊन गेला. त्यानंतर काकांनी भावाचं तोंड पाहिलं नाही.

"कुठे असतात ते?" आईने विचारलं.

"येरवड्याला."

मी थक्क झाले. येरवडा म्हणजे इथून रिक्षाने जाण्याएवढं. मी म्हटलं, काका, मग जाऊन या ना एकदा.

"मला दार नाही उघडणार तो," काका म्हणाले. "पण वडिलांचं मशीन त्याने विकलं नसणार. चालवत असेल. कधीतरी बिघडेलच. हे काम करणारं पुण्यात आता दुसरं कुणी राहिलेलं नाही, वहिनी. मी चौकशी केलीय. त्याला इथेच यावं लागेल."

आईने खाली ठेवलेलं मशीन त्यांनी उचललं आणि त्याच्यावरची नसलेली धूळ पुसत बसले.